तिसरी तुती

आमच्या गावात त्या काळी गरीब दिसण्याची चढाओढ लागलेली असायची. पडवी गळते, गळू दे. दुसरा बैल नको, परसात नवं झाड नको. घर जरा वर आलं की मुखिया त्याला वरच्या प्रतीत घालणार, आणि वरच्या प्रतीच्या घराला सरकारी वेठ ठरलेली. माझे वडील त्या वेठीतच संपले. सरकारी रेशमाचे तागे राजधानीत, कायफंगला पोचवायला त्यांना धाडलं. वाटेत कालव्यात नाव बुडाली आणि भरपाईत आमचं घरदार गेलं. मला वडिलांच्या भावाने, पांगकाकांनी सांभाळलं, म्हणून त्यांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पण काकूचं जे झालं ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

यिन काकू रेशमाचे किडे पाळायची. शेवटची कात टाकून झोपेतून उठले की हे किडे रात्रंदिवस खातात, आणि आमच्या परसात तुती दोनच. मग काकू टोपली घेऊन दारोदार पाल्यासाठी हात पसरायची.

"आली बाई यिन! किडे हिचे आणि पोसायचे आम्ही," शेजारणी ऐकवायच्या.

शेवटी तिने डुकरांच्या खोपटामागे गुपचूप एक फांदी लावली. काकांना कळलं तेव्हा झाड कमरेएवढं झालं होतं.

"उपट ते! भावासारखं मलाही धाडायचंय का?"

"एका झाडाने कोणी सावकार होत नाही हो."

"हे मुखियाला सांग!"

काकूने उपटलं नाही. मुखियाची घरोघरची मोजणी आली की त्यावर चटया वाळत घालायची, भोपळ्याचा वेल चढवायची. झाड भरगच्च झालं त्या वर्षी तिने किडे दुप्पट वाढवले. यंदा कुणाच्या दारात जायचं नाही, या आनंदात होती बिचारी. नेमकी तेव्हाच मोजणी लवकर आली. काकू नदीवर होती. काकांनी कुऱ्हाड घेतली.

पडलेल्या झाडाचा पाला कसाबसा दोन दिवस पुरला. मग किडे माना वर करून नुसते वाट बघत राहिले. काकूने ते तळ्यात माशांना टाकले आणि काकांशी बोलणं सोडलं.

पुढच्या वर्षी बाजारात दवंडी पिटली. वेठ बंद! आता प्रतीप्रमाणे पैसे भरायचे, त्यातून सरकार पगारी माणसं ठेवणार. एक वर्ष आधी पिटली असती तर काय बिघडलं असतं? मला त्या दवंडीवाल्याचा ढोल फोडावासा वाटला.

मुखिया पुन्हा मोजायला आला.

"तुती दोन," काका घाईने म्हणाले. खोपटामागच्या खुंटाला हातभर फुटवे आले होते, त्याच्यापुढे ते आडवे उभे होते.

"तीन लिहा," काकू म्हणाली.

मुखिया हसला. "वहिनी, खुंट आहे तो. उगाच पैसे कशाला वाढवून घेता?"

"झाड आहे. माझं आहे. आता त्यावर मी चटई टाकणार नाही."

"अगं, वेड लागलं का तुला?" काका ओरडले.

वर्षभरात पहिल्यांदाच काकू त्यांच्याकडे वळली.

"वरचे पैसे मी भरीन. तुम्ही ती कुऱ्हाड तेवढी माझ्याकडे द्या."

मुखियाने तीन लिहिलं. काका आत गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.