जाड तेच जुनं

पेठ तालुक्यात झाडशेतीचं पाच दिवसांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एकेक गुरू नेमून दिला. वर्षभर दर आठवड्याला त्या शेतकऱ्याच्या बांधावर जायचं आणि हाताने काम करून शिकायचं. माझी गुरू कोण ते समोर आलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. ती बाई सहा हंगाम माझ्याच द्राक्षबागेत छाटणीला होती.

मी दिंडोरीचा. निम्मी बाग काढून तिथे बांबू, आंबा, शेवगा असं मिळून-मिसळून लावायचं माझ्या डोक्यात होतं. छाटणी हाडात मुरलेली, आणि त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. याच बाईने एकदा चुकीच्या डोळ्यावर, म्हणजे फुटव्याच्या चुकीच्या जागी, काडी कापली म्हणून मी तिला चारचौघांत बोललो होतो. तिला ते आठवत असणारच. पहिल्या दिवशी माझ्या पिशवीकडे बघून ती एवढंच म्हणाली, "शेठ, कात्री घरी ठेव. हितं कोयता लागतो."

तिसऱ्या फेरीपर्यंत शेठचा दादा झाला. बागेत मी तिला "अगं ए" म्हणायचो; इथे जीभ आपोआप "मावशी, तुम्ही" वर आली.

मला प्रश्न फार पडतात. घरचे वैतागतात, मावशी वैतागत नसे. ती उलटा प्रश्न टाकायची किंवा मला कामाला लावायची. भाताच्या खाचरापाशी उंबर का ठेवलाय, असं विचारलं तर म्हणाली, "हात घालून बघ." मुळाशी माती उकरली तर ऐन मार्गशीर्षात ओल. बांधावर साग का नाही? "चैत्रात सागाखाली बसून बघ, मंग इचार." मी खरंच चैत्रात एका सागाखाली जाऊन बसलो. डोक्यावर पान नव्हतं. इतकी वर्षं शेती करून मी झाडाकडे फक्त आडवं येणारं काहीतरी म्हणून बघत होतो, याची गंमतही वाटली आणि लाजही.

पण चैत्र नंतरचा. त्याआधी जानेवारीत मी घोटाळा करून ठेवला होता.

मावशीच्या वरच्या बांधावर बांबूची पाच बेटं होती. टोमॅटोवाले वेलांना आधार द्यायला दारात येऊन बांबू विकत न्यायचे. त्या दिवशी तिला बाजाराला जायचं होतं. जाताना म्हणाली, "तीन पावसाळं पाहिलेलं तेवढंच तोडायचं. वळखायचं कसं ते आल्यावर सांगते. तवर गवत काढ."

गवत काढायला काय मी शाळेतलं पोर होतो? झाड जितकं जुनं तितकं जाड, हे कुणालाही कळतं. द्राक्षाच्या खोडाचं तसंच, आंब्याचं तसंच. मी प्रत्येक बेटातले जाड-जाड बघून सहा-सहा तोडले. दुपारी तीस बांबू ओळीने मांडून, घाम पुसत, शाबासकीची वाट बघत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी.

मावशी आली. मिठाची पिशवी खाली ठेवली. एका बांबूवरून अंगठा फिरवला, तर अंगठ्याला पांढरी भुकटी लागली. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला आणि खालीच बसली.

"ही यंदाची हायती, दादा. समदी यंदाची."

तरी माझ्या तोंडून प्रश्न निघालाच, "मग एवढी जाड कशी?"

"बांबू जेवढा जाड निघतो तेवढाच ऱ्हातो. बेट वाढतं तशा पोरी मायपेक्षा दणकट निघत्यात." ती सावकाश सांगत होती, ओरडली असती तर बरं झालं असतं. "पावसात नवं कोंब येत्यात ते ह्याच पोरींच्या बुडातून. आन् ही कवळी हायती, म्हैन्यात भुंगा पोखरंल. कोन नेणार?"

मग तिने पुढचं सांगितलं. ही बेटं तोडणीला आली तेव्हापासून चार वर्षं ती दसऱ्याच्या सुमाराला छाटणीचे मजूर नेणाऱ्या दिंडोरीच्या जीपमध्ये बसली नव्हती. म्हणूनच ती माझ्या बागेत यायची बंद झाली होती. मी आपला समजत होतो, दुसरा मालक मिळाला असेल. आता जुने बांबूही काढता येणार नव्हते, बेटाला तेवढाच आधार उरला होता. श्रावणात कोंब भरपूर आले तर दिवाळीनंतर जुने काढायचे. नाही आले तर पुन्हा जीप.

"मी भरून देतो," मी म्हणालो.

"कोंब देशील?"

त्यानंतर मी एकही आठवडा चुकवला नाही. शेणखत वाहिलं, बेटांच्या बुडाशी मातीची भर घातली. मावशीने मला डोळे मिटून बांबू ओळखायला शिकवलं. कोयत्याच्या पाठीने टकटक केलं की जुना खणखणतो, कोवळा बद्द वाजतो. जुन्याच्या अंगावर करडे डाग हाताला खरखरीत लागतात. एकदा मी ओळीने दहा बरोबर सांगितले आणि इतका खूश झालो की आपण इथे का राबतोय ते घटकाभर विसरलो. मावशीने आठवण करून दिली नाही, तेच मला जास्त लागलं.

श्रावणात आम्ही दोघं बेटं बघायला गेलो. एक कोंब दिसला, मी बोट केलं, तिने माझा हात खाली दाबला. कोवळ्या कोंबाकडे सरळ बोट दाखवत नाहीत, वाकवून दाखवतात. नाही तर कोंब कुजतो.

"कुणी पाहिलंय कुजलेला?"

"तू दाखवून बघ."

मी बोट वाकवलं. त्या दिवशी कुठलीही जोखीम नको होती. वाकड्या बोटाने पाचही बेटं मोजली. कोंब नऊ निघाले, तेही काटकुळे. दरसाल तीसच्या वर यायचे. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"माझ्याकडे या छाटणीला," मी म्हणालो.

"तुझ्याकडं नाय. तू लाजशील, मला सावलीत बसवशील. फुकटचा रोज मला नको."

दसऱ्यानंतर ती आली, शेजारच्या बागेत, चौदा जणांच्या टोळीत. काम एकराप्रमाणे उक्तं होतं, म्हणजे संपेल तेव्हा सुटका. माझ्या छाटणीला अजून दहा दिवस होते. बांधापलीकडून कात्र्यांचा आवाज येत होता आणि मला घरात बसवेना. शेवटी कात्री घेऊन बांध ओलांडला आणि मावशीच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाने छाटत निघालो. शेजारी विचारायला आला, "शेठ, तुम्ही?" मी पुढची काडी कापली.

ओळीच्या मध्यावर आम्ही समोरासमोर आलो. मावशीने मी कापलेल्या दोन काड्या वाकवून पाहिल्या.

"उद्या उजाडायला हितंच ये," ती म्हणाली. "लवकर उरकून घरी जायाचंय. माझा भात पिकून उभा हाय."