एका घरात दोन चुली

मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीवरून मी घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीमही बसवली होती. पुढे व्हायरस शिरला आणि विंडोज सुरूच होईना. आत आईचे आंगणेवाडीच्या जत्रेतले फोटो होते. ती गेल्यावर तिचे तेवढेच उरले होते. मालवणात ज्याने मला कॉम्प्युटर विकला त्याच्या दुकानात तो नेला, तर दुकानदार म्हणाला, "एका घरात दोन चुली मांडल्यार असाच होतला. फॉरमॅट मारूचो लागतलो. फोटो गेले म्हणान समज."

"विकताना भरवसो तुझो आणि बिघडल्यार चूक माझी?" मी आवाज चढवला आणि मशीन उचलून रिक्षात घातलं.

घरी ते सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन्ही नावं आली. मी लिनक्स निवडलं आणि त्यातून विंडोजचा भाग उघडला. फोटोंचं फोल्डर दिसलं, पण क्लिक करायला बोट धजेना. शेवटी केलं. आई ओटीचं ताट घेऊन रांगेत उभी होती.

सगळे फोटो सीडीवर उतरवून मी परत दुकानात गेलो. "फोटो मी काढून घेतले. आता मार फॉरमॅट. पण मजुरी अर्धी. आत राखूचा काय उरला नाय."

त्याने अर्धी मजुरी घेतली. फोटो कसे वाचले, ते मात्र त्याने आजवर विचारलेलं नाही.