मोठ्या सिस्टरांची फेरपरीक्षा

वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. पन्नाशीच्या तोंडावर त्यांना नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणाची हौस आली. रुग्ण आपण तपासायचा, निदान आपण करायचं, उपचारही आपणच ठरवायचे. हे तर आपल्या डाव्या हातचा मळ, अशी त्यांची समजूत. घरी नवऱ्याची छाती त्यांनी इतक्यांदा तपासली, की बिचारा खोकायलासुद्धा बाहेर जाऊ लागला.

पहिल्या परीक्षेत मात्र दांडी उडाली. तपासणी झकास झाली. "आता काय करायचं?" असं विचारल्याबरोबर बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "डॉक्टरांना कळवते." नापास!

आज फेरपरीक्षा. हीही गेली तर प्रशिक्षण संपलं, पुन्हा औषधांची ट्रॉली ढकला. परीक्षा घेणार होत्या मार्गदर्शक डॉक्टरबाई. त्या शिकाऊ असताना त्यांना सुई धरायला सिस्टरांनीच शिकवलं होतं, तेही ओरडून ओरडून. आता त्या भिंतीला टेकून सगळं बघत होत्या.

खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते, धाप लागते म्हणून आलेले. सिस्टरांनी आधी काय करावं? खाट आवरली! काकांच्या पाठीशी उश्यांची चळत होती, आणि एका खाटेला एकच उशी हा वॉर्डातला नियम सिस्टरांनीच घातलेला. जास्तीच्या उश्या काढल्या, चादर ताणली, काकांना छान आडवं केलं.

काका घुसमटले, उठायला धडपडू लागले. सिस्टरांचं धाबं दणाणलं. काकांना सावरून बसवत, उश्या परत लावत त्या मनात म्हणाल्या, घ्या, रुग्णाचा जीव घेऊन नापास होणारी पहिली विद्यार्थिनी!

"काका, आडवं झालं की असंच होतं?"

"म्हणून तर उश्या मागून घेतल्या होत्या," काका धापा टाकत म्हणाले.

तेव्हा कुठे सिस्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. मानेच्या शिरा फुगलेल्या, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतोय, छातीत खाली बुडबुड आवाज.

"मग सिस्टर, काय करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

जुनं उत्तर जिभेवर आलं होतं. सिस्टरांनी ते गिळलं.

"हृदय थकलंय. फुप्फुसात पाणी साचतंय. ऑक्सिजन, ईसीजी, छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या. आणि पाणी उतरवायचं इंजेक्शन आत्ताच."

"नक्की ना?" हे विचारलं काकांनी.

"मला हेच वाटतंय, काका. मी इथेच आहे. चुकलं असेल, तर तेही मीच सांगेन."

डॉक्टर म्हणाल्या, "पास," आणि इंजेक्शन दिलेलं बघून निघून गेल्या.

सिस्टरांना आनंद झाला, पण खाटेजवळून त्या हलल्या नाहीत. आजवर डॉक्टरांच्या चुका त्यांनी चहाबरोबर मजेत चघळल्या होत्या. आता चूक झालीच तर ती त्यांची असणार होती, आणि काका त्यांच्याकडेच बघत होते.