अधिवेशनाला पांढरा शर्ट, काळी पँट

"मॅडम, मोठ्या कॅडेट्सना सांगा, पांढरा शर्ट, काळी पँट. युनिफॉर्म नको."

फोनवर गावणकर सर होते. आमच्या प्रथमोपचार स्वयंसेवक दलाचे जिल्हा सचिव. मी ओएचसीमध्ये एका कामगाराच्या डोळ्यावर पाणी सोडत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. ओएचसी म्हणजे कारखान्यातला दवाखाना. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात मी नर्स आहे, आणि सुटीच्या दिवशी दलाच्या बोईसर तुकडीचे कॅडेट सांभाळते. शाळा-कॉलेजातली ही मुलं जखम बांधायला, छाती दाबून श्वास परत आणायला शिकतात. सोळा पूर्ण झाले की वरिष्ठ कॅडेट. अठरा झाले की कॅडेटगिरी संपते.

"युनिफॉर्म का नको?"

"वरून आलंय. आणि तुमची मुलं जरा लवकर पाठवा. सातपर्यंत."

"उद्घाटन दहाला आहे ना?"

"अहो, मदत लागते. उंच किती आहेत हो तुमच्याकडे? हिंदी येणारी?"

डोळा धुऊन झाला. कामगाराला बसवलं, थेंब घातले. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न तसाच राहिला. प्रथमोपचाराच्या अधिवेशनाला उंची कशाला लागते?

अधिवेशन पालघरला एका मोठ्या सभागृहात होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. राज्यभरातून तुकड्या येतात. सकाळी छोटी परेड, मग दीपप्रज्वलन, शाली, नारळ, लांबलचक भाषणं. दुपारी गटचर्चा. कॅडेट्सनी मागच्या रांगांत ताठ बसायचं आणि जांभई दाबायची. वरिष्ठ कॅडेट्ससाठी एकच खरी गोष्ट असते, प्रशिक्षक चाचणी. त्यात पास झालं की दंडावर बॅज मिळतो आणि दुसऱ्यांना शिकवता येतं. ही चाचणी अधिवेशनातच होते, दर दोन वर्षांनी. गणवेशाची तपासणी हा तिचा पहिला भाग. गणवेश नाही तर आत प्रवेश नाही.

माझी निकिता मेहेर चाचणीला बसणार होती. घिवलीची, बाप बोटीवर, आई मासळी सुकवून विकते. महिन्याभरात तिला अठरा पूर्ण होत होती. म्हणजे ही संधी गेली की पुढची नव्हती. आमच्या ओएचसीत सहायकाची जागा निघणार होती आणि ती बॅज असलेल्यालाच देतात. तिला ते माहीत होतं. तिच्या घरी तर त्याहून जास्त माहीत होतं, कारण बॅज नाही तर पॅकिंगच्या कंपनीत, असं बापाने सांगून टाकलं होतं.

मी संध्याकाळी गावणकर सरांना परत फोन केला.

"चाचणीला गणवेश लागतो. मुलं पांढऱ्या शर्टात कशी बसतील?"

"बदलतील की तेव्हा."

"चाचणी कधी आहे?"

"जेवणाच्या सुमारास. बघू, मागेपुढे होईल."

"मागे की पुढे?"

"मॅडम, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत गॅस लीक दिसतो."

"मी तारापूरला काम करते, सर. वास आला की विचारावं लागतं."

ते हसले आणि फोन ठेवला. मी हसले नाही.

पांढरा शर्ट, काळी पँट कोण घालतं? बोईसरला कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये जा. ट्रे घेऊन फिरणारी सगळी मुलं त्याच कपड्यांत असतात. सात वाजता बोलावणं, उंची, हिंदी, आणि चाचणी जेवणाच्या वेळी. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर काही नाही. पण मला ती सुटी दिसेना.

नुसत्या संशयावर सचिवांशी भांडता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी शर्माजींना गाठलं. हे केटरर. आमच्या कारखान्याच्या सेफ्टी वीकचं जेवण त्यांच्याकडूनच येतं, अधिवेशनाचंही त्यांच्याचकडे होतं.

"शर्माजी, पालघरला वाढपी किती आणताय?"

"एक भी नहीं, मॅडम. खाना मेरा, परोसना आपका."

"आपका म्हणजे कोणाचं?"

"सर बोले, अपने बच्चे हैं. व्हाइट शर्ट, ब्लॅक पँट में आएंगे. मैंने बोला, ग्लव्हज दूँ क्या? बोले, दे दो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "क्यों, आपको नहीं बताया?"

संशय खरा निघाला की बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

आता करायचं काय? मुलं पाठवत नाही म्हटलं, तर निकिताची चाचणी गेली. पाठवली, तर ती चाचणीच्या वेळी पाहुण्यांना पापड वाढत असणार. वाढण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण चाचणीच्या वेळी नाही, आणि न सांगता तर मुळीच नाही.

आमच्या दलात पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. गणवेश अंगावर असेल तेव्हा दोन्ही हात मोकळे. छत्री नाही, पिशवी नाही, मोबाईल नाही. कोण कुठे पडेल सांगता येत नाही, आणि पडलेल्या माणसाला हात लागतात. म्हणून गणवेशातल्या कॅडेटच्या हातात ट्रे देता येत नाही. युनिफॉर्म का नको होता, ते आता मला कळलं. 'वरून' काही आलं नव्हतं.

मग मी सरांना पुन्हा फोन केला. आवाज गोड ठेवला. मला ते जमतं, पण फार वेळ नाही.

"सर, अधिवेशनात आपली फर्स्ट एड पोस्ट कुठे आहे?"

फर्स्ट एड पोस्ट म्हणजे गर्दीच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं टेबल. स्ट्रेचर, किट, बीपी मशिन आणि दोन माणसं. गावातल्या जत्रेला, शाळेच्या खेळांना आम्ही ती लावतो.

गावणकर सर म्हणाले, "अहो, अख्खं दलच प्रथमोपचाराचं. पोस्ट कशाला?"

"म्हणजे नाहीच?"

"सगळेच ट्रेंड आहेत."

"सगळेच प्रतिनिधी म्हणून खुर्चीत आहेत. किट कोणाकडे आहे?"

डॉक्टरांच्या घरच्या लग्नात डोकेदुखीची गोळी मिळत नाही, तसं झालं होतं. प्रमुख पाहुणे आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी. ते आले की पहिली नजर कुठे टाकतील हे सरांनाही कळत होतं.

"बोईसर तुकडी पोस्ट लावेल," मी म्हटलं. "किट, स्ट्रेचर आमचं. फक्त पोस्टवर गणवेश लागतो."

"दोन कॅडेट पुरेत."

"शिफ्ट करावी लागते, सर. कारखान्यात एकाच माणसाला दिवसभर पोस्टवर ठेवत नाहीत. माझे सहाही वरिष्ठ कॅडेट आणते."

"मॅडम, तुम्ही मला अडचणीत आणताय."

"पोस्ट नसती तर अडचणीत आला असतात."

त्यानंतर आठवडाभर मी तयारी करून घेतली. वरिष्ठ कॅडेट्सना जे सांगितलं ते इथे लिहिते, कोणाला उपयोगी पडेल. गणवेश राखाडी शर्ट, निळी पँट, टोपी. टोपी आरशाशिवाय घालता आली पाहिजे. बूट नवे असतील तर घरात घालून हिंडा, नाहीतर परेडला फोड घेऊन याल. परेडला उभं राहताना गुडघे मागे ताणून धरू नका, चक्कर येते आणि आपणच स्ट्रेचरवर जातो. केस बांधलेले, नखं कापलेली, रंग नाही. निघण्याआधी पोटभर खा, कारण शाली संपेपर्यंत कोणी विचारत नाही. आणि घिवलीच्या मुलांना वेगळं सांगावं लागतं, की गणवेश बोंबलांच्या शेजारी वाळत घालायचा नाही.

शेवटचं सांगायला मी निकिताच्या घरी गेले. तिची आई अंगणात जाळी झटकत होती. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मॅडम, पोरगी सांगत होती, आदी पांढरा शर्ट सांगितलेला. आता परत युनिफॉर्म. नक्की परीक्षाच हाय ना? का कोणाच्या वऱ्हाडात नेता?"

"परीक्षाच आहे."

"तुमी सोबत हाय?"

"दिवसभर."

"मग पोरगी जाऊ दे. पन तुमी तिला नजरेआड नाय करायची." आणि आत वळून ओरडली, "गो निकिता, मॅडमना च्या तरी दे. नुसती उभी काय हाय?"

अधिवेशनाच्या दिवशी कंपनीची ट्रॅव्हलर गाडी घेऊन आम्ही पालघरला पोचलो. दारातच एक माणूस प्लास्टिकचे ग्लव्हज वाटत होता. माझ्या मुलांना पाहून त्याचा हात तसाच राहिला. "ही आपली नाहीत का?"

"ही पोस्टची," मी म्हटलं आणि पुढे गेले.

गावणकर सर आले. सहा गणवेश बघून त्यांनी ओठ आवळले, पण मागून प्रमुख पाहुण्यांची गाडी येत होती. त्यांनीच पाहुण्यांना आमच्या टेबलापाशी आणलं. "ही आमची फर्स्ट एड पोस्ट. नेहमीची." मी बीपी मशिन पुढे सरकवलं. पाहुण्यांनी बीपी मोजून घेतलं. जास्त निघालं.

जिल्ह्यातल्या बाकीच्या तुकड्यांचे वरिष्ठ कॅडेट मात्र पांढऱ्या शर्टातच आले होते. त्यांच्या प्रमुखांनी काही विचारलंच नव्हतं. सकाळपासून ती मुलं खुर्च्या उचलत होती, चहा फिरवत होती. एकदा एक प्रतिनिधी त्यातल्या एका मुलाला म्हणाला, "वेटर, साखर." मुलगा साखर आणायला गेला. त्याला हॉलमधलं एकही भाषण ऐकायला मिळालं नाही. त्यात त्याचं फार नुकसान झालं नाही, पण तो काय ठरवून आला होता ते कोणी विचारलं नाही.

चाचणी जेवणाच्या वेळीच सुरू झाली, मागे नाही आणि पुढेही नाही. परीक्षक बाई नागपूरच्या, कडक. निकिता आत गेली. मी दारात उभी राहिले. तिच्या आईला शब्द दिला होता म्हणून, आणि गावणकर सर मधेच तिला कशाला तरी हाक मारतील अशी शंका होती म्हणूनही.

हाक आली नाही. पण दाराशी एक मुलगी आली. डहाणूच्या डोंगराकडची, सविता नाव. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात रिकामा ट्रे. दारावरच्या स्वयंसेवकाने तिला थांबवलं होतं. गणवेश नाही.

"मॅडम, आमाला कोनी सांगितलंच नाय," ती मला म्हणाली. "युनिफॉर्म घरी हाय. इस्त्री करून ठेवलाय."

"वय किती तुझं?"

"अठरा होतील. शिमग्याला."

मी तिच्या प्रमुखांना शोधायला निघणार, तेवढ्यात निकिता बाहेर आली. तोंडावरून चाचणी बरी गेली असं दिसत होतं. तिने सविताला पाहिलं, ट्रे पाहिला.

"तुझा नंबर कितवा?" तिने सविताला विचारलं.

"शेवटचा."

"चल मग. संडास कुटं हाय?"

दोघी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा सविता निकिताच्या गणवेशात होती, टोपीसकट. बाह्या थोड्या लांब होत्या, त्या निकिताने दुमडून टाचणी लावली. नावाची पट्टी काढून घेतली होती. निकिता सविताच्या पांढऱ्या शर्टात आणि काळ्या पँटमध्ये. मी मनात नियम तपासला. परीक्षार्थी गणवेशात हवा असं लिहिलेलं आहे. गणवेश स्वतःचा हवा असं लिहिलेलं नाही. मी बाजूला झाले.

सविता आत गेली. आणि एवढ्यात गावणकर सर मागच्या बाजूने आले. पांढरा शर्ट दिसला, चेहरा बघितलाच नाही. "अगं, इथे काय करतेस? तिकडे वरण संपलं." निकिताच्या हातात ट्रे दिला.

मी पुढे झाले. निकिताने मान हलवून मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. माजी परीक्षा झाली. तिची सुरू हाय. तिला शोधायला कोनी नको यायला." आणि गेली वरण वाढायला. वाढत होती चांगलं. तीन रांगा झाल्यावर सरांनी तिला ओळखलं. थोड्या वेळाने स्वतःच भाताचं भांडं घेऊन तिच्या मागून चालायला लागले. काय करणार, पाहुणे बसलेले होते आणि हात कमी होते.

परीक्षक बाईंनी सविताचे गुण कापले, नावाची पट्टी नाही म्हणून. बाह्यांवरची टाचणीही त्यांना दिसली असावी, कारण बाहेर आल्यावर त्यांनी एकदा सविताकडे आणि एकदा वरण वाढणाऱ्या निकिताकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. दोघी पास झाल्या.

निकिता आता माझ्याकडे ओएचसीत आहे. डोळा धुताना माझ्यापेक्षा कमी पाणी सांडते. गावणकर सर अजून सचिव आहेत. पोस्टची कल्पना आपलीच होती असं ते सांगतात. मी वाद घालत नाही, पोस्ट लागते हे महत्त्वाचं.

कपड्यांचं म्हणाल, तर वरिष्ठ कॅडेटनी अधिवेशनाला पूर्ण गणवेशात जावं आणि तो कोणी नको म्हटला, तर का ते विचारावं. मी स्वतः कुठल्याही कार्यक्रमाचं बोलावणं आलं की पहिला प्रश्न जेवणाचा विचारते, वाढणार कोण म्हणून. लोकांना वाटतं, बाई खादाड आहे. वाटू दे.