आशियाई ताप आणि गेर्लिंगेनची द्राक्षं

जिनोआच्या धक्क्यावर उतरण्याआधी बोटीच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना डेकवर रांगेत उभं केलं आणि एकेकाचा ताप तपासला. १९५७ सालचा सप्टेंबर संपत आला होता. त्या वर्षी जगभर फ्लूची साथ पसरली होती आणि युरोपातल्या वर्तमानपत्रांनी तिला ‘आशियाई फ्लू’ म्हणायला सुरुवात केली होती. मला तो फ्लू जूनमध्येच नाशिकला होऊन गेला होता. अंगात आता काहीही नव्हतं, तरी डॉक्टरांनी पारा वाचेपर्यंत मी पदराचं टोक पिळत होते. त्यांनी मान हलवली आणि मी युरोपात पाऊल ठेवलं.

मिलानहून निघालेल्या गाडीत आल्प्सचे डोंगर बघत मी आईने दिलेला रव्याचा लाडू खाल्ला. रवा नेमका घशात अडकला आणि मला जोरदार ठसका लागला. समोरच्या गृहस्थांनी आपलं वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं, त्यांच्या पत्नीने खिडकी उघडली. बाहेर बर्फाचे डोंगर, आत बर्फासारखा वारा! मी डबा पुढे करून लाडू दाखवला, घशाकडे बोट केलं. बाई हसल्या, पण खिडकी काही त्यांनी लावली नाही.

स्टुटगार्टच्या स्टेशनवर हे घ्यायला आले होते. वर्षभरापूर्वी तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करायला आलेले माझे यजमान चांगलेच बारीक झाले होते. खोली गेर्लिंगेन नावाच्या गावात होती. ट्राम शहर सोडून शेतांमधून धावत अगदी गावात शिरली, आणि टेकडीच्या उतारावर मला द्राक्षांचे मळे दिसले. परक्या देशात माहेर दिसल्यासारखं झालं. माझ्या वडिलांचा नाशिकजवळ द्राक्षांचा मळा आहे.

घरमालकीण फ्राउ हेबर्ले (फ्राउ म्हणजे बाई) दारातच उभ्या होत्या. नवरा युद्धात गेलेला. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे सासरे, ज्यांना सगळे ओपा (आजोबा) म्हणत. बाईंनी हात पुढे केला नाही. त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. यांचे कान लाल झाले.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, ओपांची छाती नाजूक आहे. दोन आठवडे आपण स्वयंपाकघर वेगळ्या वेळी वापरायचं.”

“बरं. मग मी काय म्हणू?”

“नुसतं ‘जा, जा’ म्हण.”

“अहो, आल्या आल्या त्यांनाच जा म्हणू?”

“जा म्हणजे हो!”

मी ‘जा’ म्हटलं. म्हाताऱ्या माणसाची काळजी कुणीही घेईल, हे पटत होतं. तरी जिना चढताना डोळे भरून आलेच.

आठवड्याने हे विद्यापीठातून परतले ते तापानं फणफणूनच. त्यांच्या प्रयोगशाळेतली निम्मी माणसं आधीच आजारी होती. मला भाषा येईना, थर्मामीटर सापडेना. मी जिन्यात उभी राहून नुसतं “फ्राउ हेबर्ले!” अशी हाक मारली. बाई वर आल्या त्या बादली आणि टॉवेल घेऊनच. आपण कपाळावर पट्ट्या ठेवतो. या बाई यांच्या पोटऱ्यांना गार पाण्याचे टॉवेल गुंडाळू लागल्या. मला आधी वाटलं, घाईत त्यांची जागा चुकली. पण ती तिकडची रीतच आहे, आणि ताप उतरला. वर लिंडेनच्या फुलांचा चहाही पाजला. दोन आठवड्यांचा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता.

हे उठून बसले आणि फ्राउ हेबर्ले तापाने पडल्या.

मी मनातून खचले. आमच्यामुळेच हे झालं, असं सारखं वाटत होतं. गावातले डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांना इंग्रजी येत होतं. मी धीर करून विचारलं, “आजार आम्ही आणला का?”

“शाळेत बाकं ओस पडली आहेत,” ते म्हणाले. “ती मुलं काही तुमच्याकडे जेवायला येत नव्हती. तुम्हाला होऊन गेलाय?”

“जूनमध्ये.”

“मग या गल्लीतलं कामाचं माणूस सध्या तुम्हीच आहात.”

मी बाईंना मऊ भात आणि मेतकूट दिलं. त्यांनी पिवळ्या भाताकडे संशयाने पाहिलं, मग सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी केली. मसूर त्यांच्याकडेही लाडका, पण सॉसेज नसलेली आमटी त्यांना अपुरीच वाटली.

तिसऱ्या दिवशी त्या उशीत तोंड घालून रडत होत्या. यांनी विचारलं, तेव्हा कळलं की त्या टेकडीवर त्यांचाही मळा आहे, द्राक्षं उतरवायला आली आहेत, पाऊस येऊ घातला आहे, आणि दरवर्षी तोडणीला येणारे भाऊ, भावजय, शेजारी सगळे अंथरुणात आहेत. फळ भिजलं की सडणार. वर्षाची कमाई त्या उतारावर लटकत होती. ओपा एकटेच टोपली घेऊन निघाले होते आणि बाई अंथरुणातून त्यांना ओरडत होत्या.

“मी जाते त्यांच्याबरोबर,” मी म्हटलं.

सासूबाईंनी सणासाठी म्हणून ट्रंकेत घातलेली नऊवारी मी काढली. त्या उतारावर काष्ट्यासारखा पोशाख नाही. वर यांचा स्वेटर, पायात फ्राउ हेबर्लेंचे रबरी बूट. ओपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात कात्री दिली. मी घड खालून तळहातावर तोलला, देठ कापला, फळावरचा पांढरट मेणी थर न पुसता टोपलीत ठेवला. ओपा थांबले.

“नाशिक. पापा. ट्राउबेन,” मी म्हटलं. ट्राउबेन म्हणजे द्राक्षं.

“इंडियात द्राक्षं?” ते इतके मोठ्याने हसले की खालच्या रस्त्यावरून जाणारी पोस्टातली बाई थांबली. दुपारी तीही कात्री घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तापातून उठलेले दोन शेजारी आले. हे ब्लँकेट पांघरून बांधावर बसले, काम दुभाष्याचं.

मळ्यातच न्याहारीला पाव खाताना ओपा अचानक बोलू लागले. अठरा सालच्या साथीत त्यांची बायको आम्ही राहत होतो त्याच घरात गेली होती. माझ्या आजोबांची बहीणही त्याच साथीत गेली. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत, असं मी सांगितलं. ओपांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

“आम्ही तिला स्पॅनिश म्हणायचो,” ते म्हणाले. “कित्येक वर्षं मी स्पेनवर राग धरला. आल्झो (तर काय), आजवर एकही स्पॅनिश माणूस पाहिलेला नाही!”

आणि त्यांनी आपल्या पावाचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

चौथ्या दिवशी पाऊस आला. शेवटच्या दोन ओळी राहिल्याच, पण बाकी मळा रिकामा झाला होता. आम्ही ओलेचिंब घरी आलो, तर फ्राउ हेबर्ले शाल गुंडाळून दारात उभ्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि स्वयंपाकघरात नेऊन चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून जेवण एकाच टेबलावर होऊ लागलं. ओपांना साधा खोकलाही झाला नाही.

दोन वर्षांनी आम्ही नाशिकला परतलो. वडिलांनी आधी तिकडच्या द्राक्षांची चौकशी केली. लहान, आंबट आणि बियांची, असं ऐकून त्यांना बरं वाटलं. आत्याने मात्र वेगळंच विचारलं, “आजारपणात कोण होतं गं तुमचं तिथे?”

बोटीवर चढताना हाच प्रश्न मला पडला होता. तेव्हा उत्तर नव्हतं. आता इतकं होतं की सुरुवात कुठून करावी कळेना. “फ्राउ हेबर्ले म्हणून एक बाई होत्या,” मी म्हटलं, आणि सांगून होईपर्यंत आत्याने दोनदा चहा टाकला होता.