खांबावरचा दोडका

माझे सासरे तीस वर्षं भरवेलीच्या खाणीत वायरमन होते आणि त्यांच्या स्वतःच्या घरात विजेची तार नव्हती. लग्न ठरवताना ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. मी नागपूरची, पंख्याखाली वाढलेली. बालाघाटच्या त्या घराचं माप ओलांडलं आणि सवयीनं दाराजवळच्या भिंतीवर बटण चाचपलं. हाताला लागली ती खुंटी, तिच्यावर लसणाची जुडी टांगलेली. मागून सासरे म्हणाले, "पोरी, तिथं काही नाही. आपल्या घरी उजेड इकडून येते." आणि त्यांनी गोबरगॅसच्या दिव्याची चावी फिरवून काडी लावली. दिवा भप्प करून पेटला आणि मला रडू फुटलं. घरातल्या बायकांना वाटलं, माहेर आठवलं.

सासऱ्यांना मामाजी म्हणायची आमच्याकडची रीत. मोहल्ला मात्र त्यांना वायरमन म्हणायचा. गावाच्या टोकाला त्यांनी घर बांधलं तेव्हा विजेसाठी रीतसर अर्ज केला होता. खांब येईल, असं उत्तर मिळालं. मामाजींनी एक पावसाळा वाट पाहिली, दोन पाहिले, मग वाट पाहणं सोडून दिलं. मोडक्या सायकलीच्या मागच्या चाकावर पट्टा चढवला, पट्ट्याला ट्रकचा जुना डायनॅमो जोडला, डायनॅमोला ट्रकचीच बॅटरी. पुढे कौलांवर एक सोलरची पाटीही आली. परसात दोन गाई आणि गोबरगॅसची टाकी. तांदूळ रामपायलीच्या घरच्या शेतातला, भाजी परसातली. मीठ, चहा आणि काडीपेटी एवढंच बाजारातून यायचं, आणि चहाबद्दलही त्यांना वाईटच वाटायचं.

नऊ वर्षांनी खांब आला. तो नेमका आमच्या फाटकासमोर रोवला. अख्ख्या गल्लीनं मीटर घेतलं. मामाजींनी खांबाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आता काहून आला बापा?" आणि जूनमध्ये त्याच्या बुडाशी आळं करून दोडक्याचं बी टोचलं. लोकांच्या घरात त्या खांबावरून दिवे गेले, आमच्या घरात दोडके आले.

तो दोडकाही साधा नव्हता. हातभर लांब, चवीला गोडसर आणि देठापाशी हमखास वाकडा. मामाजींच्या आईनं भंडाऱ्याकडून येताना ते बी पदराला बांधून आणलं होतं म्हणे. दोडक्याशी माझी पहिली गाठ पडली ती चुकीनंच. मी दोडका सोलला, शिरा बादलीत टाकल्या. मामाजींनी जाता जाता बादलीत पाहिलं, शिरा उचलल्या, धुतल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "पोरी, भाजी ठेवली अन् चटणी फेकली का तू?" मग सासूबाईंनी त्या शिरा तीळ आणि मिरची घालून तव्यावर परतल्या. त्या दिवशी भाजी उरली, चटणी उरली नाही. वाळलेल्या दोडक्याची जाळी आंघोळीला घासणी म्हणून जायची, सालं गाईला. दोडक्याचं काही वाया जात असेल तर ती फक्त माझ्या ताटातली फोड, कारण मला ती भाजी लहानपणापासून आवडत नसे.

सायकलीचा मात्र मला पहिल्यापासून लळा लागला. बॅटरीवर चालणारा एक छोटा काळा-पांढरा टीव्ही घरात होता. गल्लीत रविवारी ऐन सिनेमाच्या वेळेला वीज जायची, आणि गल्ली आमच्या अंगणात यायची. मामाजी कुणालाही नाही म्हणत नसत. पण ज्याला सिनेमा पाहायचा त्यानं आधी पायडल मारायचं. शेजारचे गुरुजी, किराणावाले, खुद्द माझा नवरा विलास, सगळे धोतर-पँट सावरून सायकलीवर. एकदा नायिका मरायला टेकली आणि किराणावाल्यांचे पाय थांबले. चित्र आकसत आकसत ठिपका झालं. बायका ओरडल्या, "अहो, मारा ना! मरून राह्यली ती!" मामाजी कोपऱ्यात बसून तुराट्यांचा मांडव बांधत होते. ते म्हणाले, "फुकट रडू येत नाही भाऊ. थोडं पाय हालवा."

असा हिशेबी माणूस बियाण्याच्या बाबतीत अगदी उधळा होता. "बी इकत घेऊ नये, इकत देऊ नये. मूठभर न्या, पिकलं का दोन मुठी आणून द्या," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि दोन मुठी कुणी आणून दिल्या नाहीत तरी पुढच्या वर्षी पुन्हा मूठभर द्यायचे. स्वतःपुरतं आळ्यात टोचलं की डबा रिकामा. जुनं बी घरात साठवणं त्यांना आवडत नसे. खांबावर चढायला येणारा लाइनमन पटलेभाऊ सुरुवातीला वेल बघून संतापला होता. "वायरमन भाऊ, यह सरकारी खंबा है!" मामाजींनी त्याच्या हातावर बी ठेवलं. "हौ. मंग सरकारी दोडके तुमी बी न्या." पटलेभाऊ हसला, वेल बाजूला सारून वर चढला, आणि पुढे बरीच वर्षं तसाच चढत राहिला. मग त्याची उकव्याला बदली झाली.

मला दिवस गेले ते वर्ष फार तापलं. बालाघाटचा मे, चौथा महिना, आणि कौलारू घर. मामाजींनी कुठूनसा ट्रकच्या केबिनमधला पंखा आणला आणि माझ्या खाटेशी बसवला. दुपारी मला खरंच छान झोप लागायला लागली. एक दिवस तहान लागली म्हणून मी उठून मागच्या पडवीत गेले. मामाजी सायकलीवर बसून पायडल मारत होते. डोक्यावर ओला पंचा, बनियन अंगाला चिकटलेलं, वय साठीच्या पुढे. पंखा बॅटरी खात होता आणि सोलरची पाटी पुरत नव्हती. मला पाहून दचकले. "झोप, झोप तू. माहा आपला व्यायाम होते."

मला लाज वाटली आणि लाजेचा राग झाला. हा माणूस माझ्या वाऱ्यासाठी उन्हात मरेल आणि मोठेपणा मिरवत मरेल, असं काहीतरी मी मनात म्हटलं. संध्याकाळी विलासला ऐकू जाईल आणि पडवीतही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "या घरात मीटर येत नसेल तर मी बाळंतपणाला जाते ती नागपूरलाच राहते. मूल घेऊन मी इथं येणार नाही."  सासूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं."  विलास मामाजींचा एकुलता एक मुलगा, आणि तो सून म्हणेल तिकडे जाईल हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मामाजी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले. कुठे, ते सांगितलं नाही. विलासला नंतर कुणीतरी सांगितलं, की ते वीज कार्यालयात अर्जाच्या रांगेत उभे होते आणि आतले जुने लोक खुर्च्या सोडून बघायला आले होते. मी मनात म्हटलं, चला, जिंकले.

माणसं तार ओढायला आली ती पोळा झाल्यावर. तेव्हा मला सातवा संपत आलेला. नवा लाइनमन तरुण होता, घाईत होता. वेल काढल्याशिवाय चढत नाही, म्हणाला; आज नाही तर मग दिवाळीनंतर. खांब त्या दिवसांत बुडापासून टोकापर्यंत हिरवा होता आणि पिवळ्या फुलांनी भरलेला. मामाजींनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग विळा घेऊन आले आणि बुडाशी एका घावात वेल कापला. मी दारात उभी होते. मला ते कौतुकानं बघण्यासारखं वाटलं, इतकी मी अडाणी. वर टोकाशी दोन दोडके बियाण्याला राखले होते, कोवळेच होते, ते त्या दिवशी वेलाबरोबर खाली आले. आम्ही त्यांची भाजी केली.

पंखा फिरला. मुलगी झाली, मी तिला घेऊन परत आले. मामाजी त्या पंख्याखाली कधी बसले नाहीत. पुढच्या वर्षांत वीज असून नसल्यासारखी झाली. दिवसदिवस गायब. गल्ली पुन्हा आमच्या पडवीत येऊ लागली, सायकलीला तेल घातलेलंच होतं. दुसरा कुणी असता तर मला रोज एकदा ऐकवलं असतं. मामाजी नुसते सरकून जागा करून द्यायचे.

वेल कापल्यानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये त्यांनी खांबाजवळ आळं केलं आणि ते रिकामंच राहिलं. मी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, की बी कापलेल्या वेलाबरोबरच गेलं. त्या दिवशी मला कळलं, मी काय जिंकले होते ते. मामाजी गल्लीत घरोघर गेले. गुरुजींकडे, किराणावाल्यांकडे, वीस वर्षं ज्यांना ज्यांना मूठभर दिलं त्या सगळ्यांकडे. एकाकडेही दाणा नव्हता. गुरुजी म्हणाले, "आमी काहून धरू जी बी? तुमी तं देताच ना दरसाल." मामाजी हसून परत आले आणि आळ्यात बरबटी, म्हणजे चवळी, लावली. मी बाजारातून दोडक्याच्या बियांची पुडी आणली. त्यांनी ती माझं मन राखायला लावली. दोडके सरळ आले, कडूसर निघाले. आम्ही तिघं मुकाट्यानं जेवलो. विलास तेवढा विचारत राहिला, भाजीला काय झालं म्हणून.

चार वर्षं गेली. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. नोव्हेंबरात बैहरला प्रशिक्षणाला गेले होते, परतीची बस उकव्याला थांबली. खिडकीतून समोर विजेचा खांब दिसला. खांबावर वाळका वेल, आणि वेलाला टांगलेले तीन सुके दोडके, देठापाशी वाकडे. बस सोडून मी उतरले, पिशवी आतच राहिली ती कंडक्टरनं खिडकीतून फेकली.

खांबामागच्या घरातून पटलेभाऊच बाहेर आला. "अरे, वायरमन भाऊ की बहू!" मी त्याला खुशाली विचारायच्या आधी बी विचारलं. तो म्हणाला, "मी तर दरसाल धरतो ना. इथं मले कौन देगा? तुमच्या गल्लीवाल्यायचं बरं होतं, वायरमन सामनेच बसला होता." मग खांबावर चढून त्यानं सगळ्यात मोठा दोडका काढून दिला. पुढच्या बसमध्ये मी तो मांडीवर तान्ह्या मुलासारखा धरून बसले. खड्डा आला की आत बिया वाजायच्या.

त्या पावसाळ्यापासून मामाजी अंथरुणाला खिळले होते. खाणीची धूळ छातीत उतरली होती. मधल्या खोलीत, पंख्याखालीच खाट होती आता. मी दोडका त्यांच्या कानाशी नेऊन हलवला. त्यांनी डोळे उघडले. हात लांब करून देठाशी चाचपलं.

"वाकडाच हाय," म्हणाले. "कोनाचा?"

"उकव्याचा. पटलेभाऊंकडचा."

"मंग त्याले दोन मुठी वापस करजो."

चार वर्षं जे गिळून होते ते तेव्हा बाहेर आलं. मी म्हटलं, "मामाजी, माझ्यामुळे वेल गेला. मला माफ करा." आणि रडायलाच लागले.

"वेल तं मीच कापला. तू काहून रडते?" ते दम घेत घेत म्हणाले. "चूक माही झाली. सगळ्यायले बी देल्लं, धराले कोनाले शिकवलं नाही. लोक माह्याच भरवशावर राह्यले. मंग खांबात अन् माह्यात काय फरक?" मग वर पाहिलं. "पंखा वाढव जरासा. चांगला हाय."

फेब्रुवारीत ते गेले. जूनमध्ये मी खांबाच्या बुडाशी आळं केलं, बी टोचलं. दिवाळीनंतर पटलेभाऊंना उकव्याला जाऊन दोन मुठी दिल्या. गल्लीतही दिलं, पण मामाजींइतकी मी चांगली नाही. पहिल्या वर्षी ज्याच्या-त्याच्या वेलापाशी जाऊन कोणता दोडका तोडायचा नाही ते दाखवून आले, आणि दुसऱ्या वर्षी जो पुन्हा मागायला आला त्याला मोकळ्या हातानं परत पाठवलं. मला चिंगूस म्हणतात, मला ठाऊक आहे. आता मात्र आमच्या गल्लीत सहा घरांवर वाकडे दोडके लटकतात.

परवा एक नवा लाइनमन आला. खांबाकडे बघून ओरडला, वेल कापा म्हणाला. मी आत जाऊन डबा आणला आणि त्याच्या हातावर बी ठेवलं. म्हटलं, "बाजूला सारून चढा. आणि हे घरी लावा. पण एक दोडका वाळू द्या, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका."

"काहून जी?" तो म्हणाला.

"मी काय इथं कायमची बसून आहे?"