कुंकू लागलेलं गणित

दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पुन्हा राहिला तर इंजिनिअरिंग बंद." आगाशीत आमची केळी आणि सोनचाफ्याची वाडी. काकूने तिच्या माहेरच्या ओळखीतलं एक स्थळ आणलं होतं आणि बाबांनी ते मनात धरून ठेवलं होतं. म्हणजे पुढचा पेपर गणिताचा कमी आणि माझ्या लग्नाचाच जास्त होता.

पुस्तक निवडायला बाबा स्वतः विरारला आले. मला हवं होतं ते बारकं पुस्तक: जुन्या परीक्षांची गणितं, सोडवून दिलेली, पाठ करायला तयार. बाबांची नजर मात्र वरच्या फळीवरच्या धोंड्यावर गेली. विज्ञान आणि इंजिनिअरिंगला लागणारं सगळं गणित एकाच ठिकाणी, लेखक परदेशी, उशाला घेतलं तर मान धरेल असं जाड. "एका विषयाला दोन पुस्तकं कशाला?" म्हणत त्यांनी दोन्ही पसंतीला घरी मागून घेतली, साड्या आणतात तशी. दुकानदार ओळखीचा होता. म्हणाला, "न्या, पण डाग नको. उद्या एक परत."

घरी बाबा केळीचा घड जोखावा तसं एकेक पुस्तक हातात घेऊन बघत होते. मी बारक्याची बाजू जीव तोडून मांडत होते. तेवढ्यात काकू करंडा घेऊन आली. आमच्याकडे नवी वस्तू, मग ती मिक्सर असो की फवारणीचा पंप, हळदकुंकू लावल्याशिवाय वापरात येत नाही. वर जाडं पुस्तक होतं. तिने त्यावर कुंकू टेकवलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

"काकू, ते परत करायचं होतं!" मी किंचाळलेच.

"कुंकू लावलेलं कोणी परत करतं का? आलं ते आता आपलंच."

बाबांना हेच हवं होतं. मी संतापाने रडले.

त्या पुस्तकात पानोपानी 'हे सहज दिसून येते' अशा अर्थाचं वाक्य होतं. मला काही म्हणजे काही दिसेना. लेखकाच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. पाठ करायला तयार उत्तरं नव्हती, त्यामुळे नाइलाजाने गणित समजून घ्यावं लागलं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यावर याहून वाईट वेळ येत नाही. काकू शेजारी बसून चाफ्याच्या पुड्या बांधायची आणि विचारायची, "कुठवर आलं?"

परीक्षा झाली. निकाल लागायच्या आतच काकूने आणलेल्या स्थळाची मंडळी बघायला आली. मुलाच्या वडिलांनी शिक्षणाचं विचारलं. बाबा चाचरत म्हणाले, "सोडलं तरी चालेल तसं." मी पोह्यांचा ट्रे टेबलावर, त्या पुस्तकाशेजारी ठेवला. काकू चहा घेऊन बाहेर आली.

"तिचं ते जाडं पुस्तक आधी संपू दे," ती म्हणाली. "कुंकू लावून घरात घेतलंय. अर्ध्यावर टाकता येणार नाही."

पाहुण्यांनी टेबलावरच्या धोंड्याकडे पाहिलं, चहा घेतला आणि ते गेले.

मी पास झाले. त्यानंतर घरात कुणी माझ्या लग्नाचा विषय काढला की काकू सगळ्यांसमोर विचारायची, "संपलं का गं पुस्तक?"

"नाही अजून," मी म्हणायचे.

मला नोकरी लागेपर्यंत आम्ही दोघींनी ते संपू दिलं नाही.